‘मेरा साया’चं माहेर

मैत्रिणींनो, बरेलीच्या बाजारात पडलेला साधनाचा तो झुमका आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हळदीचा कार्यक्रम असो, शाळेचं गॅदरिंग असो की भिशीची पार्टी, त्या गाण्यावर आपण कधी ना कधी ताल धरलेलाच असतो. पण ज्या सिनेमातलं ते गाणं, त्या ‘मेरा साया’चं माहेर मराठी आहे, हे किती जणींना ठाऊक असेल? 1966चा हा हिंदी सिनेमा 1964 साली आलेल्या ‘पाठलाग’ या मराठी चित्रपटावरून केलेला. आणि ‘पाठलाग’चं मूळ म्हणजे जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही रहस्यकादंबरी. कादंबरीवरून मराठी सिनेमा आणि मराठीवरून हिंदी! या घराण्यातला कर्ता माणूस म्हणजे दिग्दर्शक राजा परांजपे. आज त्यांच्याविषयी सांगते.

राजाभाऊ मूळचे मिरजेचे. जन्म 24 एप्रिल 1910चा. मिरज म्हणजे गाण्याबजावण्याचं गाव, सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचं गाव. नाटकाची हौस अंगात भिनलेली. नाटकातून ते सिनेमात आले आणि भालजी पेंढारकरांसारख्या कडक शिस्तीच्या माणसाच्या हाताखाली शिकले. आधी नट, मग सहायक, मग दिग्दर्शक, अशी पायरी पायरीने त्यांची वाट गेली. 1948 साली ‘जिवाचा सखा’ आला. तेव्हा त्यांनी वयाची अडतिशी गाठलेली होती. म्हणजे ज्या वयात आपल्याला वाटतं, आता काय नवीन करायचं, त्या वयात या माणसाचं खरं काम सुरू झालं!

त्या सुमारास तीन माणसं एकत्र आली. लेखणी ग. दि. माडगूळकरांची, चाल सुधीर फडक्यांची आणि दिग्दर्शन राजाभाऊंचं. या त्रिकुटाने मराठी माणसाला पुढची दहा-पंधरा वर्षं हसवलं आणि रडवलं. 1950च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर होते. 1952 साली ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ आले. ‘पेडगावचे शहाणे’मध्ये राजाभाऊंनी स्वतः काम केलं. लोकांनी वेडा ठरवलेला माणूस शहाण्यांपेक्षा शहाणा कसा, हे त्यांनी हसत हसत दाखवलं.

मला मात्र त्यांचा 1954चा ‘ऊन पाऊस’ सगळ्यात जवळचा वाटतो. आयुष्यभर इमानाने शिकवणारे मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर स्वतः राजाभाऊ, बायको सुमती गुप्ते. मुलं मोठी होतात आणि म्हाताऱ्या आईबापांचं ओझं वाटू लागतं. हा सिनेमा पाहून रडली नाही अशी आमच्या आईच्या पिढीतली बाई विरळाच. 1960च्या ‘जगाच्या पाठीवर’मध्ये रस्त्यावर गाणारी आंधळी मुलगी सीमाताईंनी साकारली. 1963च्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये शरद तळवलकरांसारख्या हसवणाऱ्या नटाला त्यांनी गंभीर भूमिका दिली. छोट्या सचिनचाही तो पहिला चित्रपट. रमेश देवांचं रुपेरी पडद्यावरचं पदार्पणही राजाभाऊंच्याच ‘आंधळा मागतो एक डोळा’मधलं, 1956चं.

आता ही सगळी नावं डोळ्यांसमोर आणा. यात कुठे खून नाही, दरोडा नाही, काळोख्या वाड्यातली किंकाळी नाही. घर, संसार, पोरंबाळं, पैशाची ओढाताण, एवढंच. मग अशा घरगुती माणसाला रहस्यकथेची भुरळ कशी पडली?

त्या काळात मराठीत रहस्यकथांचं उदंड पीक होतं. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयात या पुस्तकांसाठी नंबर लागायचे. घरातली पुरुष मंडळी वाचून झाली की तेच पुस्तक दुपारी बायकांच्या हातात यायचं, कधी डाळीच्या डब्यामागे लपवून, कधी उशीखाली ठेवून. सुशिक्षित मंडळी मात्र अशा वाचनाला नाकं मुरडायची. साहित्याच्या पंगतीत रहस्यकथेचं पान कायम शेवटचं. देवकुळ्यांची कादंबरी राजाभाऊंनी त्या पंगतीतून उचलली.

गोष्ट अशी. एका नामांकित वकिलाची लाडकी बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. तो तिचे अंत्यसंस्कार करतो, दुःखात बुडून जातो. आणि काही दिवसांतच पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडून आणतात. चेहरा हुबेहूब त्याच्या बायकोचा! बरं, ती बाई आरोप नाकारते आणि वर सांगते की, मी याच वकीलसाहेबांची पत्नी. खटला उभा राहतो. नवरा एका बाजूला, ती आरोपीच्या पिंजऱ्यात. आणि ती नवरा-बायकोशिवाय तिसऱ्या कुणाला माहीत असणं शक्य नाही अशा एकेक गोष्टी भर कोर्टात सांगू लागते. पुढचं गुपित मी फोडणार नाही हं! ज्यांनी पाहिलं नसेल त्यांची मजा कशाला घालवू?

पण बघा, वरवर ही दरोड्याची आणि पोलिसांची गोष्ट आहे. आत मात्र ती राजाभाऊंच्या इतर सिनेमांसारखीच घरातली गोष्ट आहे. ‘ऊन पाऊस’मध्ये मुलं आईबापांना ओळख देत नाहीत. इथे नवरा बायकोला ओळख देत नाही. मला वाटतं, त्यांना या कादंबरीत चोर-शिपायाचा खेळ दिसला नसावा, बाईचं दुःख दिसलं असावं. मी मीच आहे, हे एका बाईने जगासमोर सिद्ध कसं करायचं?

आता कादंबरीचा सिनेमा करायचा म्हणजे नुसती पानं उलटून चित्रं काढायची, असं नसतं. कादंबरीत लेखक एक शब्द लिहितो, हुबेहूब. झालं, आपण विश्वास ठेवतो. सिनेमात तो चेहरा खरोखर दाखवावा लागतो. भावना या अभिनेत्रीला राजाभाऊंनी इथे घेतलं. पडद्यावरची बायको आणि पिंजऱ्यातली आरोपी, दोन्ही चेहरे एकच. प्रेक्षकाला ठाऊक असतं की नटी एकच आहे, म्हणून त्याचा डोळा सारखा फरक शोधत राहतो. ही मान अशीच वळवायची का? ही हसली ती तिच्यासारखी हसली का? म्हणजे वकील जे करतो आहे तेच थिएटरात बसलेला प्रत्येक जण करत असतो. कादंबरी वाचताना धीर सुटला तर शेवटचं पान उघडून बघता येतं. थिएटरात ती सोय नाही. दिग्दर्शक जेवढं सांगेल तेवढंच, आणि सांगेल तेव्हाच.

दुसरी गोष्ट गाण्यांची. पुस्तकात गाणं नसतं. मराठी सिनेमाला त्या काळी गाण्याशिवाय चालायचं नाही. रहस्यपटात गाणं आलं की बहुतेक वेळा गोष्टीचा वेग मोडतो. पण नवरा-बायकोच्या सुखाच्या दिवसांतलं गाणं असेल तर ते आठवण होऊन बसतं, आणि आठवण हाच तर या खटल्यातला पुरावा. ‘पाठलाग’ची गाणी माडगूळकरांनी लिहिली. संगीत या खेपेला फडक्यांचं नव्हतं, दत्ता डावजेकरांचं होतं. डोळ्यांना पाखरांची उपमा देणारं आशाबाईंचं गाणं यातलंच. आजही रेडिओवर लागलं की हातातलं लाटणं थांबतं. ऐकताना जिवाला हुरहूर लागते. गोड आहे आणि तरी कुठेतरी सावली पडलेली आहे.

वकिलाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर. व्यवसायाने दाताचे डॉक्टर आणि रंगभूमीवर ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी करून टाळ्या घेणारे. असा देखणा, तडफदार नट नवऱ्याच्या भूमिकेत घेतल्यामुळे एक गोष्ट घडते. तो खलनायक वाटत नाही. तो वाईट नवरा नाहीच. बायकोवर त्याचा जीव आहे, आणि तिच्या आठवणीवर दुसऱ्या कुणी हक्क सांगावा हेच त्याला सहन होत नाही. प्रेम आहे म्हणूनच विश्वास नाही! संशयी, मारझोड करणारा नवरा दाखवला असता तर आपण लगेच बाजू घेऊन मोकळ्या झालो असतो. इथे तसं करता येत नाही. दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच जीव टांगणीला लागतो.

नावाचीही गंमत पाहा. कादंबरीचं नाव ‘आशा परत येते’. यात ती येते आहे. चित्रपटाचं नाव ‘पाठलाग’. यात कुणीतरी कुणाच्या तरी मागे लागलेलं आहे. हिंदीत तेच ‘मेरा साया’ झालं, म्हणजे माझी सावली. गोष्ट एकच, पण तीन नावांत तीन नजरा. पुस्तकाच्या नावात बाई दिसते, मराठी सिनेमाच्या नावात शोध आणि हिंदी नावात नवऱ्याची व्यथा. कादंबरीचं नाव बदलणं हे दिग्दर्शकाचं छोटं काम वाटतं खरं, पण नाव बदललं की आपण कुठे उभं राहून गोष्ट बघायची तेही बदलतं.

मैत्रिणींनो, हा सिनेमा मला एवढा का भिडतो, तेही सांगते. मी दिघ्याला राहते. नवी मुंबईचं हे ठाण्याकडचं टोक. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मध्ये दाटीवाटीच्या चाळी. साताऱ्या-सांगलीकडची, मराठवाड्यातली, कोकणातली, उत्तरेकडची अशी सगळीकडची माणसं पोटासाठी इथे येऊन राहिली. 2024च्या जानेवारीत दिघा गाव रेल्वे स्टेशन सुरू झालं, तेव्हा कुठे ऐरोली नाही तर ठाणे गाठायची पायपीट कमी झाली. घरकाम आटोपलं की बायकांचे अर्ज भरून देणं, कागदपत्रं जुळवून देणं हे काम मी बरीच वर्षं करते आहे.

आमच्याकडच्या एका ताईंचे मिस्टर कारखान्यात कामाला होते. ते अचानक वारले. पेन्शनसाठी अर्ज करायला गेलो तर ताईंची तीन नावं निघाली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलेलं नाव आणि आधारकार्डावर घरात हाक मारतात ते नाव. कार्यालयातल्या साहेबांनी तीन कागद समोर मांडले आणि यातली बायको कोणती, असं विचारलं. बावीस वर्षांचा संसार केलेली बाई! नवऱ्याला चहात किती साखर लागायची, त्यांच्या पाठीवर कुठे व्रण होता, पगार झाला की ते आधी कुणाची उधारी द्यायचे, सगळं तिला तोंडपाठ. पण चहातली साखर कुठल्या अर्जात लिहायची? प्रतिज्ञापत्र, शेजाऱ्यांचे जबाब, गावाकडचा दाखला असं करत करत काम झालं, पण तोवर काही महिने गेले. त्या काळात ताईंची मान वर झालेली मी पाहिली नाही. नवरा गेल्याचं दुःख एकीकडे आणि आपण त्याची बायको आहोत हे पटवून देण्याची लाज दुसरीकडे.

‘पाठलाग’मधली बाई दरोड्याच्या आरोपाखाली उभी आहे, आमच्या ताई टेबलासमोर उभ्या होत्या. पण दोघींकडे पुरावा एकाच जातीचा. आठवणींचा. आणि आठवण ही कागदापुढे नेहमी हरते. साठ वर्षांपूर्वीची रहस्यकथा म्हणून आपण हसून सोडून देऊ, पण लग्नानंतर नाव, गाव, घर सगळंच बदललेल्या बाईला हा प्रश्न आजही चुकलेला नाही. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना किती जणींना कळलं की, बँकेतली मी वेगळी आणि आधारवरची मी वेगळी!

असो. पुन्हा राजाभाऊंकडे वळते. ‘हा माझा मार्ग एकला’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ‘पाठलाग’लाही मराठीतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या रहस्यकथेला पंगतीत शेवटचं पान, तिला हा मान! 1965 साली तमिळमध्ये यावरून ‘इदय कमलम’ झाला. आणि 1966 साली राज खोसलांनी हिंदीत ‘मेरा साया’ केला.

राज खोसला हे या प्रांतातले मुरलेले दिग्दर्शक. ‘वो कौन थी’ त्यांनी 1964मध्येच केला होता. ‘मेरा साया’मध्ये त्यांनी मराठी मध्यमवर्गीय वकिलाचा ठाकूर केला, घराचा उदयपूरचा महाल केला, काळ्या-पांढऱ्याचे रंग केले. सुनील दत्त, साधना, मदनमोहनचं संगीत... हिंदीत बसवायचं म्हणजे थाटमाट हवाच. पण कोर्टातला तो सामना त्यांनी हलवला नाही. गोष्टीचा खांब तोच होता ना! खोसलांना मराठी पुस्तकांची चांगली पारख होती. पुढे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘निलांबरी’वरून त्यांनी ‘दो रास्ते’ केला आणि ‘अशी तुझी प्रीत’वरून ‘मैं तुलसी तेरे आंगन की’. मराठीत ज्या कादंबऱ्यांना हलकंफुलकं वाचन म्हणून बाजूला ठेवलं गेलं, त्यांवर हिंदीत मोठमोठे सिनेमे उभे राहिले.

राजाभाऊ नुसते दिग्दर्शक नव्हते, पक्के नट होते. 1963च्या बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’त नूतनच्या वडिलांची भूमिका त्यांचीच. लेकीवर जीव असलेला, गावात मान असलेला आणि लेकीच्या बदनामीने आतून मोडलेला पोस्टमास्तर. ‘बंदिनी’ची नायिका तुरुंगात आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी राजाभाऊंच्या स्वतःच्या सिनेमाची नायिका आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. योगायोग असेलही. पण ही दोन्ही चित्रं लागोपाठ पाहिली तर लोकांनी गुन्हेगार ठरवलेल्या बाईकडे मायेने बघणारी एक नजर दोन्हीकडे जाणवते.

‘पाठलाग’नंतरही ते काम करत राहिले. 1965मध्ये ‘पडछाया’, 1966मध्ये ‘गुरुकिल्ली’, 1969मध्ये ‘आधार’. हाताखालच्या मुलांना त्यांनी घडवलं. पुढे ‘मधुचंद्र’पासून स्वतःच्या सिनेमांनी नाव कमावलेले राजदत्त हे त्यांचेच सहायक. राजदत्तांना 2024 साली पद्मभूषण जाहीर झालं, तेव्हा राजाभाऊंची आठवण अनेकांना झाली असेल. हळूहळू सिनेमाची हवा बदलली. तमाशापट, रंगीत सिनेमे, नवे चेहरे आले. त्रिकुटातले माडगूळकर 1977 साली गेले. राजाभाऊ 9 फेब्रुवारी 1979ला गेले, वयाच्या 68व्या वर्षी. फडके 2002पर्यंत होते.

एवढं काम करून ठेवलेल्या माणसाचं नाव आज नव्या मुलींना विचारलं तर सांगता येत नाही. झुमका माहीत, साधना माहीत, तिच्या कपाळावरची केसांची बटही माहीत. राजा परांजपे मात्र माहीत नाहीत. आणि देवकुळ्यांचं नाव तर त्याहून मागे राहिलं. सिनेमाच्या गर्दीत मूळ लेखक हरवतो तो असा. नाव पुसलं जाण्याचं दुःख काही एकट्या बायकांचंच नाही!

तेव्हा मैत्रिणींनो, दोन गोष्टी करा. एक, रिकामी दुपार मिळाली की ‘पाठलाग’ शोधून पाहा. आता मोबाइलवरही जुने सिनेमे सापडतात. जमलं तर दुसऱ्या दिवशी ‘मेरा साया’ पाहा. सासूबाईंना शेजारी बसवा. शेवट त्यांना आधीपासून माहीत असेल, पण त्या सांगणार नाहीत, बघा तुम्ही. आणि सिनेमा संपला की विचार करा, त्या बाईच्या जागी आपण असतो तर कशाच्या जोरावर उभ्या राहिलो असतो?

दुसरी गोष्ट, घरातल्या कागदांची पिशवी काढा. तुमचं नाव सगळीकडे एकच आहे का, ते बघा. लग्नाची नोंद केली नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन करून घ्या. कितीही वर्षं झाली असली तरी लाजायचं काही कारण नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक झालं आहे. आपल्या नातवंडांच्या दाखल्यावर सुनेचं, लेकीचं नाव बरोबर लागलं की नाही, तेही पाहा. माहेरचं नाव, सासरचं नाव, हाक मारायचं नाव, सगळी आपलीच. पण त्या सगळ्या नावांची बाई एकच आहे, हे कागदावर वेळेत लिहून ठेवा.